चामडी तळाचे बूट

दोन दिवस बर्फ बघायला जायचं ठरलं, तेव्हा आईने घरच्या तिघांसाठी नवे बूट शिवायला घेतले. तीस वर्षं बुटांचं दुकान चालवलेली बाई ती. कारखान्याचा बूट घरातल्या पायात दिसला तर नाक कापलं गेलं असतं.

सून पंक्चरवाल्याची लेक. दुकानात रबरी तळ बसवू या, हे तिचं सहा महिन्यांचं टुमणं. बर्फाचं निमित्त साधून तिने ते पुन्हा काढलं. आईने ऐकवलं की रबर गाडीला लावतात, माणसाला नाही, आणि मी हिंडती-फिरती आहे तोवर दुकानात चामडंच चालेल. वर तळांना मेण घासून अशी चकाकी आणली की त्यात बघून भांग पाडावा.

बसमधून बर्फावर उतरल्यावर तिसऱ्या पावलाला मुलगा आडवा झाला. पाचव्याला आई.

समोर भाड्याने बूट देणारा म्हातारा बसला होता. तो मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "बाई, असले बूट लग्नात मिरवायचे."

लागलं फारसं नव्हतं, पण झोंबलं. मुलगा म्हणाला, भाड्याचे घेऊ. आईने दोघांना डोंगरावर जायला सांगितलं. स्वतः मुक्कामाच्या खोलीत जाऊन शेगडीपाशी बसली, तोंड एवढंसं करून. तीस वर्षांचा शब्द आज सुनेसमोर खाली पडला होता.

तासाभराने सून एकटीच परत आली. हातात पंक्चरच्या दुकानातून मागून आणलेलं सायकलचं जुनं टायर. आईच्या पिशवीत चामडं शिवायचा आरी-दोरा असतोच. तो तिने न विचारता काढला आणि टायरच्या पट्ट्या कापून आईच्या बुटांच्या तळाला आडव्या शिवायला बसली. आई पाठ फिरवून होती, पण कान आरीवर. शेवटी राहवलं नाही.

"दोऱ्याला मेण लाव. कोरडा तुटेल."

बूट पुढे आले तेव्हा आईने एकेक टाका नखाने उचकून पाहिला. एकही हलला नाही. मग तिने बूट चढवले आणि कुणाचा हात न धरता चढाला लागली. म्हातारा उठून उभा राहिला. विचारू लागला, हे कोणी करून दिलं.

"आमच्या सुनेने," आई म्हणाली, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. "चामडं माझं, डोकं तिचं. तुमच्याकडे आहे का असं कोणी?"

वर पोचल्यावर मुलगा म्हणाला, आता तरी बर्फ बघ. आई म्हणाली, बघितला, पांढरा आहे. मग सुनेकडे वळली.

"टाचेचा टाका जरा वाकडा आलाय. दुकानात रबर किती आणायचं ते तू ठरव. पण चिकटवायचं नाही, शिवायचं."

"हो आई," सून म्हणाली.

"आणि माझ्या मागे मागे नको चालूस. बरोबर चाल."