फासळीचं लाकूड

मिस्त्रीची बायको जाऊन महिना झाला, तरी गड्याच्या डोळ्यांतून टिपूस म्हणून नाही. लोक म्हणाले, दगड आहे. दगड कसला! आत काही हलतच नव्हतं बिचाऱ्याचं. ताट पुढ्यात आलं की जेवायचा, अंथरूण दिसलं की पडायचा.

अशात मेहुणा आला. त्याची शिडाची होडी बापाच्या वेळची, आणि ऐन पोटातली एक फासळी कुजलेली. लाकूड तुम्हीच निवडायचं भावजी, म्हणाला. लाकूड पारखावं तर मिस्त्रीनंच, असा त्याचा लौकिक. दोघं वखारीत गेले.

होडीच्या फासळीला सरळ फळीतून कापलेली कमान चालत नाही. लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि पहिल्या दांडग्या लाटेला ती कडाडते. झाडावरच वाकलेली फांदी लागते. तशी एक मिस्त्रीनं शोधली, हातोडीनं ठोकून पाहिली. आवाज ठीक होता. मग गिरमिटानं भोक पाडून आतला कीस बाहेर काढला. गाभ्यातली कूज वरून दिसत नाही, ती वासानंच कळते.

आणि घोडं अडायचं ते इथंच. मिस्त्रीला वास येतच नव्हता. वार्निशनं त्याचं नाक कधीचं खाल्लं होतं, आणि हे फक्त बायकोला ठाऊक. लाकूड घ्यायच्या दिवशी ती डबा घेऊन हजर. मिस्त्री कीस ऐटीत हुंगायचा आणि मग तिच्या पुढ्यात धरायचा. लाकूड वाईट असलं की ती नाक मुरडून मान डावीकडे वळवायची. की यानं फांदी बाजूला सारलीच. घरी जाताना ती चिडवायची, नाकावर माशी बसू देत नाही माझा नवरा, आणि नाक तर नावालाच! झाकली मूठ सव्वा लाखाची.

आजही त्यानं कीस हुंगला आणि सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. त्याला काहीच वाटलं नाही, भीतीसुद्धा नाही. वखारवाला करवत आणायला वळला.

मेहुणा खूश झाला. म्हणाला, आता माझ्या पोरांना घेऊन लांबवर जायला हरकत नाही, ताईच्या मागं रडून रडून सुकलीत पोरं.

मिस्त्रीनं हातातल्या किसाकडे पाहिलं.

"थांब. मला वास येत नाही. कित्येक वर्षं येत नाही."

मेहुण्यानं विचारलं, "मग आजवर...?"

"तुझी ताई हुंगायची."

त्यानं हात पुढं केला. मेहुण्यानं कीस नाकाशी नेला, नाक मुरडलं आणि मान डावीकडे वळवली. "आंबूस आहे हो भावजी."

मिस्त्रीची नजर त्या वळलेल्या मानेवर खिळली. तो तिथंच ओंडक्यावर बसला.

वखारवाल्यानं दुसरी वाकडी फांदी आणून दिली. मेहुण्यानंच गिरमिट फिरवलं आणि कीस हुंगला. नाक सरळ, मान सरळ. हे झकास आहे, म्हणाला, हेच घेऊ.

"घे," मिस्त्री म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "पण ते पहिलं पुन्हा एकदा हुंग."