छान, मग पुढे?

खांदा कॉलनीतल्या समुपदेशन केंद्रात भामाबाई म्हणाली, "जगावंसं वाटत नाय," आणि समोर बसलेली समुपदेशक स्नेहल म्हणाली, "छान! मग पुढे?"

असं काही घडलेलं नाही. केंद्राच्या मासिक अहवालात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे नाहीच.

तर, जे घडलं नाही ते असं.

केंद्रात पूर्वी चार समुपदेशक होत्या. तिघी थकून सोडून गेल्या. त्यांच्याकडे येणारी माणसं आणि खिडकीतल्या कुंड्या स्नेहलच्या वाट्याला आल्या. लोकांचं मनापासून ऐकायचं, एवढ्यासाठी तिनं बँकेतली नोकरी नाकारली होती. आता मान आपोआप हलायची आणि तोंडातून तेच दोन शब्द निघायचे. संचालक कल्पेश सरांनी यावर उपायही केला होता. रविवारी सक्तीचा ताणमुक्ती वर्ग, गैरहजर राहिल्यास नोटीस. वर्ग घेणार स्नेहल, बसणारही स्नेहल.

भामाबाई तळोज्याकडच्या गावातली, साठीची. मुलगा अपघातात गेल्यापासून यायची. 'छान' ऐकून ती टेबलावर पुढे वाकली.

"काय बोललीस गो बाय?"

स्नेहलला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला. "अरे देवा! मावशी, मी काय बोलून गेले हे!"

"दोन रिक्षा बदलून येते ती तू आयकतेस म्हनून. भिंतीलाच सांगायचं तं घरी चार हायेत."

स्नेहलला रडू फुटलं. भामाबाईनं टेबलावरचा टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला.

"तुजं कोन आयकतं?"

"रविवारी वर्ग असतो, मावशी."

"कोन घेतं?"

"मीच."

"मंग मेलीस!" भामाबाई म्हणाली. "आडातच नाय तं पोहऱ्यात कुठनं येल? दमलीस ती तुजी चूक नाय. पन दमलीस ते लपवलंस ना, त्यात आज मी गेली असती."

स्नेहलनं बाकीच्या भेटी पुढे ढकलल्या आणि भामाबाईचं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांची वेळ ठरवली, सुनेला बोलावलं आणि तिच्यासोबतच भामाबाईला घरी पाठवलं. मग स्नेहल सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मी थकलेय. मला रजा हवी. आणि केंद्राला माणसं हवीत."

"थकल्याचं प्रमाणपत्र लागेल, मॅडम. समुपदेशकाचं."

"समुपदेशक मीच आहे."

"मग स्वतःची वेळ घ्या."

"दिवाळीपर्यंत रिकामी नाही."

"बघा!" सर समाधानानं म्हणाले. "म्हणजे केंद्र किती छान चाललंय!"

वाचकहो, दुसऱ्याचं दुःख उचलणाऱ्यालाही पाठ असते, आणि ती मोडते. 'सेवाभाव' म्हणत ती मोडेपर्यंत ओझं लादणं ही सेवा नव्हे, चोरी आहे. आणि चोरीला जातं ते भामाबाईच्या वाट्याचं ऐकणं! थकलो हे सांगणं हासुद्धा कर्तव्याचाच भाग आहे. स्नेहलला ते पटलं. तिनं तिथेच उभ्यानं अर्ज लिहिला:

'विषय : समुपदेशकास थकण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, झेपेल तेवढ्याच माणसांचे ऐकण्यास, उरलेल्यांसाठी नवीन समुपदेशक नेमण्यास, तसेच आठवड्यातून एकदा अर्जदाराचेही कोणीतरी ऐकून घेण्यास मंजुरी मिळावी. मंजुरी प्राप्त होईपर्यंत अर्जदारास तात्पुरत्या स्वरूपात माणूस समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'