ड्रायव्हरची झोप

"अहो, उठा. किती वेळा सांगू?"

ड्रायव्हर हलला नाही. बायकोने पांघरूण ओढलं, पंखा बंद केला, दिवा लावला आणि शेवटी ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. उशाशी स्टीलच्या डब्यात मोबाइलचा गजर ठणाणा करत होता. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने वैतागून जमिनीवर काठी आपटली. अख्खी इमारत जागी झाली, हा मात्र ढिम्म.

तो शाळेची बस चालवायचा. पूर्वी तो पहिल्या हाकेला उठायचा, पण गेल्या दीडेक वर्षात झोप अशी जड झाली होती की रात्री लवकर पडूनही सकाळी डोळे उघडत नसत. सासरचे लोक त्याला 'ओंडका' म्हणायचे आणि तोही ते हसण्यावारी न्यायचा. बायकोचं हसू मात्र केव्हाच आटलं होतं. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. दिवसभर मशीनवर मान मोडायची, आणि त्याआधी रोज ही कुस्ती.

तिने त्याला खांद्याला धरून उठवून बसवलं. "तुमच्या मॅनेजरांचा फोन आला होता, मला. आज उशीर झाला तर यायचंच नाही म्हणाले."

त्याने खाडकन डोळे उघडले. "मग लवकर नाही का उठवायचंस?"

ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेपासून सुटका म्हणून तो शर्टाची बटणं लावत जिना उतरला.

बसपाशी मावशी वाट बघत उभी होती. मुलांना चढवायला-उतरवायला ती रोज बसमध्ये असायची. "आलास बाबा एकदाचा," एवढंच म्हणून ती चढली.

मुलं चढत गेली. बसमध्ये नेहमीचा कलकलाट सुरू झाला. कालव्याकाठच्या रस्त्याला लागल्यावर समोरच्या काचेतून कोवळं ऊन मांडीवर आलं. इंजिनाचा आवाज एकसुरी झाला.

"अरे, बघ! समोर बघ!"

मावशी किंचाळली तेव्हा रस्ता डावीकडे वळला होता आणि बस सरळ चालली होती. त्याने ब्रेकवर पाय रोवला. पुढचं चाक फुटपाथवर चढलं, आरसा खांबावर आपटून निखळला, आणि बस कालव्याच्या कठड्याला टेकता टेकता थांबली.

मग एक मूल रडायला लागलं आणि त्याच्यामागे सगळी. तो सीटवरून उठला. एकेकाचं डोकं, हात, गुडघे चाचपून पाहिले. एकाचा डबा सांडला होता, बाकी कोणाला ओरखडाही नव्हता.

मावशीने त्याचा दंड धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कुत्रं आडवं आलं म्हणून सांग. मीही तेच सांगेन. पोरांना काय कळतंय?"

पुढच्या सीटवरची मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. "काका, तुम्ही झोपला होतात?"

"गप गं!" मावशी ओरडली.

ड्रायव्हरने कठड्याकडे पाहिलं. पलीकडे पाणी संथ वाहत होतं.

"हो," तो म्हणाला. मग फोन काढून त्याने मॅनेजरला सांगितलं, "साहेब, दुसरा ड्रायव्हर पाठवा. मला डुलकी लागली. मुलं सुखरूप आहेत."

मॅनेजरने त्याला ऑफिसात उभं केलं. "रात्री पिऊन पडला होतास की काय?"

"मी घेत नाही, साहेब. संध्याकाळी जेवलो तसा झोपलोच होतो. बायकोला विचारा."

"एवढं झोपून डुलकी?" मॅनेजरचा आवाज जरा उतरला. त्याने हात पुढे केला. "चावी दे. डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय स्टिअरिंगला शिवायचं नाही. तोवर बस धू."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बरंच विचारलं. त्याला सांगता येईना. मग त्या बायकोकडे वळल्या. "हे झोपतात कसे?"

"घोरतात. मग घोरणं एकदम थांबतं." ती अडखळली. "मी तशीच वाट बघत पडून राहते. मग गुदमरल्यासारखे दचकतात आणि पुन्हा घोरायला लागतात. रात्रभर असंच."

"वाट कसली बघता?"

"यांच्या श्वासाची."

ड्रायव्हरने चमकून तिच्याकडे पाहिलं. "मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुझं आपलं काहीतरीच."

तपासणीत तेच निघालं. झोपेत त्याचा घसा मिटायचा, श्वास अडायचा आणि मेंदू त्याला पुन्हा पुन्हा अर्धवट जागा करायचा. रात्रभर झोपूनही झोप होतच नव्हती. "हा आळस नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हवा सोडणारं एक यंत्र लिहून दिलं. त्याचा मुखवटा रोज लावून झोपायचं.

पहिल्या रात्री त्याने तो ओरबाडून काढला. दुसऱ्या रात्री तेच. "जीव घुसमटतो माझा!"

"आणि माझा?" ती उठून बसली. "माझा किती दिवस घुसमटतोय, ते विचारलंत कधी?"

तिने पट्टा सैल करून मुखवटा पुन्हा बसवला. तो पडून राहिला, मुठी आवळून.

नंतर एकदा बायकोला जाग आली ती खोलीत ऊन पाहून. शेजारी मुखवटा उशीवर पडलेला, अंथरूण रिकामं, आणि श्वासाचा आवाज कुठेच नाही. ती अनवाणी धावली.

तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता, दाढी करून, कपडे घालून.

"काय झालं गं?"

"तुम्हाला... कोणी उठवलं?"

"कोणी नाही. जाग आली." त्याचं त्यालाच नवल वाटत असावं. "खूप वेळ झाला. रस्ता बघत बसलो होतो."

ती भिंतीला टेकून खालीच बसली. "मला हाक नाही का मारायची?"

"तू गाढ झोपली होतीस. तुला अशी झोपलेली मी पाहिलीच नव्हती."

चावी अजून मिळाली नव्हती. आणखी एक तपासणी बाकी होती, आणि त्यानंतरही मॅनेजर हो म्हणेल याची खात्री नव्हती. बस धुवायला तो वेळेच्या आधी निघाला. तिच्या कारखान्याला अवकाश होता. दाराला कडी घालून ती पुन्हा आडवी झाली.