तीन चाळीसला थांबलेले सोने

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझे अंग सोन्याचे आहे आणि ते अजून चकाकते. त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म विलायतेत झाला. १९३६ साली मी हुबळीला, भीमसेनच्या दुकानात काचेआड बसलो होतो. शेजारी एक पोलादी घड्याळ होते. त्याचे झाकण पेचाने घट्ट बसवलेले, त्यामुळे आत पाणी शिरत नसे. तबकडी पांढरी, पट्टा तपकिरी. दिसायलाही ते नीटनेटके होते, पण मी त्याला कमी लेखत असे.

एके दिवशी कापडाचे व्यापारी मुकुंदराव आणि त्यांची बायको गोदावरी दुकानात आली. मेहुण्याचे लग्न जवळ आले होते. मुकुंदराव सायकलला गठ्ठा बांधून कलघटगीच्या बाजारला जात आणि रोज सकाळी विहिरीत पोहत. गोदावरीने पोलादी घड्याळ उचलले.

“अहो, हे घ्या. लग्नात बरं दिसेल आणि सायकलवरही चालेल.”

“हे? मिस्त्रीच्या हातातलं वाटतंय!”

“मग सोन्याच्यावर छत्री धरून मी सायकलमागं पळू होय?”

भीमसेन हसला. “अक्का बरोबर बोलतात, अण्णा. सोन्याचं फार नाजूक. थेंबभर पाणीसुद्धा चालत नाही बघा.”

पण मुकुंदरावांनी मला मनगटावर ठेवून पाहिले होते. मी होते नव्हते तेवढे तेज काढून लखलखलो. त्यांनी मलाच घेतले.

लग्नात माझे फार कौतुक झाले. त्यानंतर मी पेटीत गेलो. बाजारात धूळ, विहिरीवर पाणी, दुकानात घाम. तीन वर्षांत मी चार लग्ने आणि दोन मुंजी तेवढ्या पाहिल्या. गोदावरी मात्र रोज पेटी उघडून मला किल्ली देई. “चालू दे बिचारं,” म्हणे.

मग तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी बाटलीवर खुणांची कागदी पट्टी चिकटवून दिली. “दर चार तासांनी एक खूण. वेळ चुकवू नका,” ते म्हणाले. घरात दुसरे घड्याळ नव्हते. मुकुंदरावांनी मला हातात बांधले. सकाळी नऊला औषध दिले, दुपारी एकला दिले. वारा लागू नये म्हणून खिडक्यांवर घोंगड्या लावल्या होत्या, त्यामुळे उन्हावरून वेळ कळत नव्हती. ताप चढला तसे ते परातीत हात घालून पाण्याच्या पट्ट्या बदलू लागले. मला काढून ठेवायचे त्यांना सुचले नाही. पाणी आत शिरले आणि तीन चाळीसला मी थांबलो.

बाहेर रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा झाला. गोदावरीने डोळे उघडले.

“पाचचा भोंगा झाला हो. औषध?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “अगं, अजून चारसुद्धा नाहीत. दुसरा कसला तरी असेल. पड तू निवांत.”

माझे सोन्याचे काटे खोटी वेळ दाखवत तसेच उभे होते.

मुकुंदरावांची बहीण सुलभा दिवा घेऊन आली. “अण्णा, सात वाजले. अंधारात काय बसलास?” त्यांनी मला कानाशी धरले. मग धावत जाऊन बाटली आणली.

तिसऱ्या दिवशी गोदावरी गेली. एका खुणेच्या औषधाने काय झाले असते ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मुकुंदरावांनी ते ऐकून घेतले, पण त्यांची मान वर झाली नाही.

भीमसेनने मला उघडले आणि पुसून सुरू केले. “पाणी गेलं होतं, अण्णा.”

“ती बोलली होती,” मुकुंदराव म्हणाले.

आता ते मला रोज बांधतात. कलघटगीच्या धुळीतही काढत नाहीत. माझ्यावर चरे पडले आहेत. संध्याकाळी भोंगा होतो तेव्हा मी अगदी बरोबर पाच दाखवतो. पण त्या वेळी ते माझ्याकडे पाहत नाहीत. गोदावरी आजारी पडली होती त्या आतल्या खोलीच्या दाराकडे ते पाहतात.

मित्रांनो, घड्याळ निवडताना ते लग्नात कसे दिसेल एवढेच पाहू नका. तो हात रोज काय काम करतो, तेही पाहा. आणि घड्याळ एक सांगत असेल व जवळचे माणूस दुसरे, तर माणसाचे ऐका. गोदावरीने दोनदा सांगितले होते.