ब्राइडच्या गायीचं वासरू

मॅलकी टॅन्सी गुरं नजरेनं पारखायचा, आणि हे चारचौघांत ऐकवायचा त्याला कधी कंटाळा यायचा नाही. चाळीस वर्षं त्यानं मांसाची गुरं वाढवली, पण कुठल्या गायीला कुठला वळू, हे कधी कागदाला विचारलं नाही. वसंतात त्याची मुलगी गोठा सांभाळायला परत आली, डर्व्हला तिचं नाव, आणि तिनं काय करावं? गायी-वासरांच्या कानांत बिल्ले मारताना निघालेले कातडीचे कण वंशाच्या तपासणीला धाडले. तेव्हापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं होतं.

हिवाळा तोंडावर आला. गोठ्यात नव्या कालवडीला जागा एकच आणि कालवडी दोन. दोघी एकाच वळूच्या, रंगानंही सारख्या. एक भरल्या पाठीची, ती ब्राइडच्या गायीची. ब्राइड म्हणजे मॅलकीची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली ती गाय याच उन्हाळ्यात मेली, मागं एवढंच एक वासरू ठेवून. दुसरी कालवड हडकुळी, कासेत दूध नसलेल्या एका गायीची. ती गुरुवारी बाजारात जाणार होती. यात विचारायचं काय होतं?

गुरुवारी सकाळी हडकुळी गाडीत चढली, तेवढ्यात डर्व्हला कागद घेऊन आली.

"बाबा, हिला नका नेऊ. तपासणीत वासराला पाजायच्या दुधाला हिला पाचपैकी पाच तारे आहेत."

"तारे आभाळात असतात, बाई. बरगड्या मोज हिच्या."

"ताऱ्यांचं सोडा. तो अंदाजच आहे, चुकूही शकतो. पण हिची आई कोण, ते चुकत नाही." ती थोडी घुटमळली. "पहिल्यांदा बिल्ल्यांशी जुळेना, म्हणून मी पुन्हा कण धाडले. उत्तर तेच आलं. आईच्या गायीची ही आहे. ती जाडी नाही."

मॅलकी तिच्यावर खेकसणार होता, पण त्याला मार्चमधली ती सकाळ आठवली. वादळात छपराचा पत्रा उडालेला आणि दोन्ही गायी एकाच वेळी व्यालेल्या. दोन्ही ओली वासरं त्यानंच उचलून कोरड्यात नेली, पेंढ्यानं पुसली आणि परत आणून गायींपुढं ठेवली. जिचं तिला दिलं, असं तो समजला. गायींनी बिचाऱ्यांनी पुढ्यातलं वासरू चाटलं. बिल्लेही त्याच समजुतीनं त्यानंच मारले.

म्हणजे ब्राइडच्या गायीचं दूध पिऊन परकं वासरू भरलं आणि तिचं स्वतःचं सुकलं. त्याच्या नजरेनं दूध पारखलं होतं, रक्त नव्हे. अजून तासाभरात तो ब्राइडची शेवटची आठवण आपल्या हातानं विकून आला असता.  

मग त्यानं गाडीची फळी पाडली, हडकुळीला खाली उतरवलं आणि ब्राइडच्या गायीच्या जागी नेऊन बांधलं. तिच्या कानामागं त्यानं खाजवलं.

"उद्या हिला वळू दाखवायची वेळ येईल," तो म्हणाला, "तेव्हा तुझा कागद आधी बघू. मग मी बघीन."

"बरं, बाबा."

"आणि खुराक आण. चांगलं घमेलंभर आण. मार्चपासून मी हिला अर्धपोटी ठेवलंय."