भिंतीतला आवाज आणि गाण्याच्या बाई

सातवीतल्या त्या मुलीला सगळी शाळा 'चौकशी' म्हणायची. हे नाव शिपाईमामांनी ठेवलेलं. पाचवीत असताना तिने त्यांना एकाच मधल्या सुट्टीत विचारलं होतं, की घंटा पितळेचीच का, ती वाजवताना हाताला मुंग्या येतात का, आणि शाळेत कुणीच नसताना ती वाजवली तर आवाज जास्त लांब जातो का. मामा म्हणाले होते, "बाई गं, तुझ्यासाठी वेगळी चौकशीची खिडकी उघडायला हवी." नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे.

त्या वर्षी सातवीच्या वर्गात एक आवाज यायला लागला. रोज छोटी सुट्टी संपली, मुलं जागेवर बसली, की पाच-दहा मिनिटांत कुठून तरी सुरू व्हायचा. 'घूंऽऽ' असा जाडसर, सलग. वीसेक मिनिटं चालायचा आणि कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा गप्प व्हायचा. मागच्या बाकावरचे म्हणायचे, भिंतीत मधमाश्या आहेत. कुणी म्हणे, खालच्या वर्गातलं कुणीतरी घोरतंय. भूगोलाच्या तासाला तो आवाज सुरू झाला की हसण्याची साथच यायची.

विज्ञानाच्या सरांनी मात्र हसणाऱ्यांना दम दिला नाही. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा आवाज कुठून येतो?' आणि विचारलं, "कोण शोधणार?"

चौकशीचा हात सगळ्यात आधी वर गेला, हे सांगायला नकोच.

वर्गाला नुकतेच सहा टॅबलेट मिळाले होते. चौकशीने पहिल्याच दिवशी त्यावर विचारलं, 'वर्गात घूं आवाज का येतो?' उत्तर झटक्यात आलं. पंखा, दिवा, वारा, वाहनं, पाण्याचे नळ, किडे, अशी चांगली लांबलचक यादी. तिने ती सुरेख अक्षरांत वहीत उतरवून घेतली आणि सरांपुढे धरली.

सरांनी यादी शेवटपर्यंत वाचली. "छान आहे. यात आपली शाळा कुठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे ज्याने सांगितलं, तो आपल्या वर्गात कधी बसलाय का? त्याला आपला आवाज ऐकूच आलेला नाही. त्याने सुचवलं, ते बरंच झालं. आता यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, ते कान, डोळे आणि पाय वापरून ठरवायचं."

मग सरांनी टॅबलेटमध्ये एक सोय दाखवली. आवाज मुद्रित करायचा, की पडद्यावर त्याचं चित्र उमटायचं. जाड आवाजाच्या रेघा खाली, बारीक आवाजाच्या वर. सर बोलले की धुक्यासारखे डाग पडायचे. शिट्टी मारली की एकच रेघ. आणि वर्गातला तो 'घूं' मुद्रित केला, तेव्हा काळ्या पडद्यावर आडव्या, सरळ, अगदी पट्टीने आखाव्यात तशा रेघा आल्या, एकीवर एक, सारख्या अंतरावर. चौकशी त्यांच्याकडे बघतच राहिली. दिसायला इतकं नीटनेटकं असलेलं काहीतरी ऐकायला इतकं कंटाळवाणं कसं काय असू शकतं?

ती झपाटल्यासारखी मागे लागली. जिना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सगळीकडे आवाज मुद्रित झाले. ते आपोआप वर्गाच्या सामायिक फोल्डरमध्ये जमा व्हायचे आणि तिथे कुणालाही ऐकता यायचे. उरली होती ती वर्गाच्या वरच्या मजल्यावरची गाण्याची खोली. जेवणाच्या सुट्टीतही तिथे काही वाजतं का, हे बघायला एका दुपारी चौकशी तिथे गेली. खोली रिकामी होती. जुना पियानो, त्यावर स्वरपुस्तकांची चळत, खुर्चीवर बाईंची शाल. तिने टॅबलेट पियानोमागे खिडकीत उभा केला, मुद्रण सुरू केलं आणि खाली जेवायला पळाली. सुट्टी संपताना येऊन टॅबलेट उचलला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातच तिला 'बातमीदार'ने गाठलं. हा तिच्याच वर्गातला. कुणाच्या घरी मांजरीला पिल्लं झाली, इथपासून कोणत्या शिक्षकांची बदली होणार इथपर्यंत, सगळं याला आधी कळायचं.

"भारी काम केलंस!" तो म्हणाला. "गाण्याच्या बाई बहिऱ्या होतायत!"

"काय बरळतोस?"

त्याने तिला आडोशाला नेऊन ते ऐकवलं. आधी बराच वेळ शांतता. मग दार वाजलं, खुर्ची सरकली. बाईंचा आवाज, फोनवर, बहिणीशी: "...डाव्या कानाचं तर संपल्यातच जमा आहे. खालचे स्वर आधी गेले. मुलं खर्जात गातात ना, तेव्हा मी नुसती त्यांची तोंडं बघते गं. नाही, इथे कुणाला सांगितलेलं नाही. इतक्यात सांगणारही नाही. मग मी इथे कोण म्हणून बसायचं?" त्यानंतर नाक ओढल्याचा आवाज स्पष्ट आला होता.

चौकशीने पुढचं थांबवलं. "हे आणखी कुणी ऐकलंय?"

"मी दोघांना पाठवलं. आणि तिसऱ्याने माझ्याच फोनवर ऐकलं."

"काढून टाक. त्यांनाही काढायला सांग. आत्ताच्या आत्ता!"

"चिडतेस काय? मी खोटं थोडंच सांगितलं? आणि टॅबलेट तर तूच ठेवलास."

हे खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. तिने फोल्डरमधून ते मुद्रण काढून टाकलं. तिचा चेहरा बघून बातमीदारानेही कुरकुरत आपल्या फोनमधलं काढलं आणि त्या दोघांनाही काढायला लावलं. पण ऐकलेलं कानातून कसं काढणार? त्या दिवशी 'घूं' सुरू झाला तरी तिचं लक्ष लागलं नाही.

तिची आई कपडे दुरुस्तीचं काम करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर घालणं. संध्याकाळी आई मशीनवर बसली होती, तेव्हा चौकशी शेजारी जाऊन उगाचच बटणं निवडत बसली.

"आई, समज, एखाद्याची चिठ्ठी आपल्याकडून चुकून वाचली गेली. तर?"

आईने मशीन थांबवलं नाही. "माझ्याकडे रोज खिसे येतात. त्यात काय काय निघतं, विचारू नकोस. मी घडी उलगडत नाही, पिशवीत घालून परत देते."

"पण उलगडली गेलीच तर?"

आता मशीन थांबलं. "एकदा झालं होतं तसं. शिलाईत अडकलेला कागद होता, काढताना वाचला गेला. एका बाईने नवऱ्याला लिहिलेलं. मी कपडे देताना त्यांना सांगितलं, ताई, हे माझ्या वाचनात आलं, चूक झाली."

"गप्प राहिली असतीस तर त्यांना कळलंही नसतं."

"मला तर कळलं होतं ना! त्या पुढे दर वेळी समोर आल्या असत्या आणि मी त्यांच्याकडे चोरासारखं बघितलं असतं." आईने तिच्या हनुवटीला बोट लावलं. "कुणाची चिठ्ठी आहे, ते मला सांगू नकोस. ज्याची आहे त्याला सांग."

सकाळी प्रार्थनेच्या आधी चौकशी गाण्याच्या खोलीच्या दारात उभी होती. बाई पियानोवरची धूळ पुसत होत्या. चौकशी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि आपण तसं का केलं, हे लक्षात येऊन आणखीच ओशाळली.

तिने सगळं सांगितलं. टॅबलेट, खिडकी, फोल्डर, बातमीदार. मधे थांबली असती तर पुन्हा सुरूच करता आलं नसतं, म्हणून एका दमात.

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "किती जणांनी ऐकलं?"

"चौघांनी. म्हणजे, माझ्यासकट पाच."

"आणि आता काढून टाकलंय."

"हो. पण..."

"पण डोक्यातून काढता येत नाही." बाई खुर्चीवर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मला हे माझ्या वेळेने सांगायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, नीट शब्द जुळवून. ते आता राहिलं. आजच सांगायला हवं, पाचाचे पन्नास व्हायच्या आत."

"मला माफ करा, बाई."

"करेन," बाई म्हणाल्या. "आज लगेच नाही. पण तू येऊन सांगितलंस, हे मी लक्षात ठेवीन."

त्या उठून मुख्याध्यापकांकडे गेल्या. दुपारी छोट्या सुट्टीनंतरच्या विज्ञानाच्या तासाला त्या सरांबरोबर सातवीच्या वर्गात आल्या आणि स्वतःच्या तोंडाने, अगदी चार वाक्यांत, मुलांना सांगितलं. कान कमी होतोय, उपचार चालू आहेत, गाणं शिकवणं चालू राहणार आहे, माझ्याशी बोलताना समोर उभं राहून बोला. बातमीदार मान खाली घालून बाकाचा टवका खरवडत होता.

मग सर म्हणाले, "यात चूक माझीही आहे. टॅबलेट कसा चालवायचा ते मी शिकवलं, कुठे ठेवायचा नाही ते शिकवलंच नाही." त्यावर मुलांनीच वाद घालून नियम ठरवला. मुद्रण करायचं तर तिथल्या माणसांना सांगून, आणि टॅबलेट सोडून जायचं नाही. ऐकताना कुणाचं खासगी बोलणं लागलं, तर तिथेच थांबवून आधी त्या माणसाला सांगायचं. "आणि पुढे पाठवायचं नाही," हे शेवटचं बातमीदार बोलला, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

तो उठला, बाईंच्या समोर गेला आणि पुन्हा मोठ्याने बोलला. वर्गात कुणी हसलं नाही.

बाई जायला निघाल्या, पण दारात थबकल्या. "तुम्ही मुळात शोधत काय होतात?"

"आवाज, बाई. आत्ता येतोय ना, हाच!" तीन-चार जण एकदम म्हणाले. 'घूं' अगदी रंगात आला होता.

बाईंनी मान हलवली. "मला नाही येत ऐकू."

चौकशीला काय सुचलं कोण जाणे, तिने टॅबलेट उचलला. "बाई, मुद्रण करू का? इथे, सगळ्यांसमोर?" बाईंनी हो म्हटलं. पडद्यावर त्या सरळ रेघा उमटल्या. तिने टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. रेघांच्या कडेला आकडे होते. शंभर, दोनशे, तीनशे, चारशे. त्या बघत राहिल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे, हा तर गातोय!"

"कोण?"

"हा तुमचा आवाज. ही सगळ्यात खालची रेघ सा धरा. त्याच्या दुप्पट, म्हणजे वरचा सा. ही तिसरी, पंचम. ही चौथी, पुन्हा सा." त्यांनी हलक्या आवाजात एकेक स्वर गाऊन दाखवला. "मी चाळीस वर्षं हे कानाने ओळखत आले. डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघतेय."

"पण या आवाजाला सा आणि पंचम कसा माहीत?" चौकशीने विचारलं. "त्याला कुणी शिकवलं?"

सर आणि बाई एकमेकांकडे बघून हसले. "हा प्रश्न एका तासाचा नाही," सर म्हणाले.

"आधी हा गवई कुठे बसलाय ते बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी टॅबलेट परत दिला आणि भिंतीला तळहात लावला. "हल्ली मी पियानो असाच ऐकते. लाकडाला हात लावून." खिडकीपासून त्या हळूहळू सरकत निघाल्या. मुलंही रांगेने भिंतीला हात लावून मागे. फळ्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी बाई थांबल्या. "इथे. इथे हाताला मुंग्या येतायत." सगळ्यांनी हात लावून बघितला. फळ्याची लोखंडी चौकट थरथरत होती.

शिपाईमामांना बोलावलं. त्यांनी भिंतीला कान लावला आणि कपाळावर हात मारला. "यामागून टाकीचा पाइप जातो! छोट्या सुट्टीत तुम्ही सगळे नळ रिकामे करता, टाकी उतरते आणि मागच्या अंगणातला पंप आपोआप सुरू होतो. टाकी भरली की बंद." भिंतीतलं एक छोटं दार उघडलं, तेव्हा पाइपाची पकड ढिली होऊन तो चौकटीला टेकलेला दिसला. पंप पार इमारतीच्या त्या टोकाला, आणि त्याचा आवाज चालत चालत सातवीच्या फळ्यापर्यंत आलेला.

मामा खिशातून रबराचा तुकडा काढून मधे सारणार, तेवढ्यात चौकशी ओरडली, "मामा, थांबा! दोनच मिनिटं!"

"आता काय राहिलं?"

ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाई, वर पाचवी रेघही आहे. फिकट, पण आहे. पाचशेवर. तो कोणता स्वर?"

"तू सांग."

"मला गाता येत नाही."

"मी कुठे गाणं म्हणायला सांगितलं? शोधायला सांगतेय. खालचा सा तुला ऐकू येतोय, मला नाही. तेव्हा आज तूच पुढे."

चौकशीने फळ्याच्या चौकटीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि चाचपडत एक सूर लावला. जुळला नाही. थोडा वर नेला. बातमीदार टॅबलेट धरून तिच्या सुराची रेघ पाचव्या रेघेकडे सरकताना बघत होता. "अजून जरा वर," तो म्हणाला. "जवळ आलीस. अजून थोडं..."