एसीला हातभार

लखन पुण्याहून परत आला तेव्हा येताना घर घेऊन आला. पांढरं, चाकांवरचं, साडेपाच मीटर लांब. आत एक पलंग, दोन बाकडी, भांडी धुवायची इवलीशी मोरी आणि छतावर एसी. पुण्याकडच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो अशा गाड्यांचं सुतारकाम करायचा, त्याच्या मालकानं गाशा गुंडाळला आणि कोपऱ्यात पडलेली ही गाडी जो ओढून नेईल त्याची, असं जाहीर केलं. लखननं ती ओळखीच्या एका पिकअपमागे बांधली आणि तीन दिवसांत घाटंजी तालुक्यातल्या आपल्या तांड्यावर आणून कापसाच्या शेडला खेटून उभी केली.

तो तिला कॅराव्हॅन म्हणे. तांड्यातले लोक डबा म्हणत. त्याचे वडील रामधन पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारून बाजेवर येऊन बसले आणि म्हणाले की, आपले आजे-पंजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले, कुठं चार पिढ्यांखाली एका जागी टेकले, आणि हे पोरगं पुन्हा चाकं घेऊन आलं.

पण त्या चाकांवर बरंच काही अवलंबून होतं, आणि सगळ्यात जास्त राखीचं. राखी लखनची थोरली बहीण. भौतिकशास्त्रात एमएस्सी, घाटंजीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायची. तिला नागपूरला संशोधनासाठी जागा मिळाली होती आणि एक जूनला हजर व्हायचं होतं. रामधनचा नियम साधा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला माणूस आणि त्याची बायको तांड्यावर एकटी राहणार नाहीत. दोघांपैकी एक लेकरू घरी पाहिजे. लखन राहिला तर राखीनं जावं. लखन पुन्हा पुण्याला गेला तर राखीनं राहावं. लखनला इथं राहायला काम हवं होतं, आणि ते काम या डब्यात होतं.

टिपेश्वरच्या जंगलाकडे वाघ बघायला जाणारी माणसं याच रस्त्यानं जातात. तिकडे अमरभाऊ नावाच्या गृहस्थांचा लॉज होता. हंगामात खोल्या कमी पडत आणि नवीन बांधायला परवानगी मिळत नव्हती. मात्र जिला चाकं आहेत ती वस्तू इमारत नसते, असं त्यांच्या वकिलाचं मत होतं. डबा तांड्यावरच उभा राहील, जास्तीचे पाहुणे मी पाठवीन, लखननं त्यांची व्यवस्था बघायची, असं त्यांनी कबूल केलं. अट एकच. एकवीस मेला, दुपारी दोन वाजता, ते स्वतः आत बसून बघणार. पारा सव्वीसच्या वर गेला, तर चहा पिऊन परत.

मे महिन्याच्या अकरा तारखेला बाहेर चव्वेचाळीस होतं आणि आत, एसी पूर्ण जोरात चालू असताना, अडतीस.

लखनचं निदान असं की, एसी म्हातारा झाला. राखीनं काही निदान केलं नाही. तिनं दोन थर्मामीटर विकत आणले, एक आत टांगला, एक बाहेर सावलीत, आणि दर अर्ध्या तासाला आकडे लिहायला सुरुवात केली. मग एसीच्या तोंडाशी हात धरला. हवा चांगली गार होती. म्हणजे म्हातारा काम करत होता. त्याचं केलेलं कुठं जात होतं तेवढंच शोधायचं होतं.

तिनं छताची जाळी उतरवली. आत गार हवा खोलीत सोडणारा एक कप्पा आणि खोलीतली गरम हवा ओढून घेणारा दुसरा, यांच्यामध्ये एक पडदी असायला हवी होती. ती अर्धी निखळलेली होती. गार हवा बाहेर पडायच्या आधीच मागच्या वाटेनं परत आत ओढली जात होती. एसी प्रामाणिकपणे दिवसभर स्वतःलाच थंड करत होता. राखीला आपल्या कॉलेजच्या काही समित्या आठवल्या. तिनं घाटंजीहून चांदीसारखी चकचकीत चिकटपट्टी आणली आणि पडदीच्या चारही बाजू बंद केल्या.

वर छतावर चढल्यावर दिसलं की, एसीच्या बाहेरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची गोधडी बसली होती. दोन महिने शेडला खेटून उभं राहिल्याचं फळ. ती तिनं मऊ कुंचल्यानं काढली आणि वाकलेली पाती आईच्या जुन्या फणीनं विंचरून सरळ केली. संध्याकाळी गंगी, म्हणजे तिची आई, घरातली याडी, फणी शोधत होती. राखीनं ती आधीच धुऊन जागेवर ठेवली होती.

पारा तेहतीसवर आला. मग लखननं डब्यावर बांबूंचा मांडव घातला, हिरवी जाळी ताणली आणि छत व जाळी यांत हातभर अंतर ठेवलं, कारण राखीनं ते टेपनं मोजून घेतलं. खिडक्यांना आतून थर्माकोल. घरातून आणलेली बारीक वायर काढून मीटरपासून थेट जाड वायर. तीस. दोन दिवसांनी एकोणतीस.

आणि तिथं पारा अडून बसला.

चौदा, पंधरा, सोळा तारीख. सकाळी डबा छान गार असायचा; अकराला राखी पेपर तपासायला कॉलेजात जायची; तीनला परत आली की एकोणतीस, कधी तीस. लखन म्हणाला, तीन-चार अंश तर राहिले, अमरभाऊले जाडा चश्मा आहे. राखी म्हणाली की, चश्मा जाड असला तरी घाम पातळच असतो.

सतरा तारखेला तिच्या लक्षात बादली आली. डब्याच्या मागे, एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली गंगीनं पाच लिटरची बादली ठेवली होती. अर्ध्या तासापूर्वी ती रिकामी होती, असं शेजारच्या लालीबाई म्हणाल्या, आणि आता तळाला चांगलं चार बोटं पाणी होतं. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, हे ठीकच. पण मे महिन्यात यवतमाळच्या हवेत पाणी असतं कुठं? दोरीवर टाकलेलं लुगडं दहा मिनिटांत पापड होतं. मग हा एसी कोणाचं पाणी पिळून काढतोय?

दुसऱ्या दिवशी ती पेपर अर्धे टाकून एक वाजताच परतली.

डब्याच्या मागच्या खिडकीतलं थर्माकोल नीट काढून बाजूला ठेवलेलं होतं. तिथं घरातला छोटा कूलर बसवला होता आणि तो घरघरत होता. समोरची खिडकी चार बोटं उघडी होती. आणि गंगी एसीखालची भरलेली बादली उचलून, थेंबही न सांडता, कूलरच्या टाकीत ओतत होती.

राखीनं वाकून कूलरच्या टाकीत पाहिलं. मग तिनं विचारलं, "याडी, हे कवापासून?"

"मांडव घातला तवापासून. तिनाच्या आंधी काढून घरात नेतो, तिकडंबी लागते." गंगीनं बादली पुन्हा जागेवर ठेवली. "एकटा एसी दमून राह्यला होता व. कितीक आवाज करे. त्याले हातभार लावा म्हटलं."

"अन् खिडकी?"

"कूलर लावला का खिडकी उघडी ठेवा लागते. तुलेच नाही का ठाऊक?" एवढं शिकलेल्या मुलीनं हे विचारावं, याचं तिला खरोखर नवल वाटलं होतं.

ती चुकत नव्हती. विदर्भात पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर हवा कोंदते आणि अंग चिकचिकतं. आणि तांड्यावर कोणी एकटं राबत असेल तर शेजाऱ्यानं विळा घेऊन त्याच्या कापणीच्या पातीत उतरायचं, हाही नियमच होता. गंगीनं दोन्ही नियम पाळले होते. फक्त एसीला दोन्ही लागू नव्हते.

राखीनं तिला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. कूलर हवेत पाणी घालतो. एसी तेच पाणी हवेतून काढतो, आणि त्यातच त्याचा अर्धा जीव जातो. ते पाणी बादलीत पडतं, बादली कूलरमध्ये जाते. वर उघड्या खिडकीतून गार केलेली हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी तापलेली आत येते. म्हणजे एकानं खड्डा खणायचा आणि दुसऱ्यानं तो बुजवायचा.

"रस्त्याच्या कामावर आमी तसंच करत होतो," गंगी म्हणाली. "हजेरी लागे."

पण तिनं सगळं नीट ऐकलं होतं.  मग उठली, कूलर बंद केला, खिडकी लावली, थर्माकोल बसवलं आणि राखीच्या हातातला थर्मामीटर मागून घेतला. तीन वाजता तिनं येऊन सांगितलं की, पारा पंचवीसच्या रेघेवर आहे आणि बादली कोरडी आहे. बादलीचं सांगताना तिचा चेहरा जरा पडला होता. ते पाणी तिच्या कोंबड्याही प्यायच्या.

एकवीस तारखेला अमरभाऊ पावणेदोनला आले. त्यांनी स्वतःचा आकडेवाला थर्मामीटर आणला होता. त्यांच्या मागोमाग तांड्याचे नायक देवीलाल पागोटं बांधून आले, आणि नायकांच्या मागे अठरा माणसं. पाहुणा येतो आणि नायक त्याच्याजवळ बसत नाही, असं तांड्यावर होत नाही. एक माणूस म्हणजे शंभर वॉटचा पेटलेला बल्ब. राखीनं मनात अठरा बल्ब मोजले, एकोणिसावा पागोट्यासकट. नायकांनी पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात गंगी सतरंजी घेऊन पुढं आली आणि ती मांडवाखाली, दारासमोर पसरली. "नायक, मांडव घातला अन् तुमी डब्यात बसता? मांडवात कोन बसन मग?"

मांडव म्हटल्यावर नायकाचं बसणं मांडवातच. देवीलाल पाय मागे घेऊन सतरंजीवर बसले. मागची अठरा माणसंही बसली. अमरभाऊ एकटेच आत गेले आणि दार लागलं.

अडीच वाजता लखननं दाराच्या काचेला नाक लावून पाहिलं. आकडा चोवीस पूर्णांक सहा होता. अमरभाऊ पलंगावर आडवे होते आणि झोपले होते. पाहुणा झोपला म्हटल्यावर त्याला उठवायचं कसं? मग बाहेर चव्वेचाळीसमध्ये एकोणीस माणसं कुजबुजतही नव्हती. बिडीसुद्धा कोणी पेटवली नाही, काडीचा आवाज होईल म्हणून. चहा दोनदा गरम झाला. चार वाजून दहा मिनिटांनी अमरभाऊ बाहेर आले, गालावर उशीची शिवण उमटलेली, आणि जागा फार शांत आहे, असं म्हणाले.

त्यांना डबा पसंत होता. पहिले पाहुणे महिनाअखेरीलाच पाठवतो म्हणाले. मग चहाचा कप ठेवताना विचारलं, हे सगळं कुणी केलं. लखननं बहिणीकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, आपण तिचं कौतुक करतोय.

"मग बरं झालं," अमरभाऊ म्हणाले. "मशीन बिघडलं की पाहुणे माझ्या डोक्यावर बसतात. ह्या ताई इथंच असणार ना?"

"असन ना," बाजेवरून रामधन म्हणाले. "जाते कुठं?"

लखन मान खाली घालून मांडवाचा बांबू बघू लागला. राखीच्या लक्षात आलं की, आपण दहा दिवस खपून, एकेक अंश उतरवत, नागपूर आणि आपल्यामधलं दार अगदी हवाबंद करून टाकलं आहे. पडदी, पट्टी, सगळं व्यवस्थित. कुठंही फट नाही.

ती बोलायला तोंड उघडणार, तोच गंगी म्हणाली, "ते जाते. एक तारखेले नागपूरले जाते. मशीन मी पायतो."

अमरभाऊंनी हसून विचारलं की, मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं.

"कूलर नाही लावाचा. खिडकी नाही उघडाची. आठ दिवसांनं जाळी धुवाची, वरतून कापूस काढाचा. पट्टी सुटली का चिकटवाची. बादलीत पानी दिसलं, का समजाचं कोनं घोळ केला." गंगीनं पदराच्या गाठीतून थर्मामीटर काढून दाखवला. "अन् भाऊ, चुका कुठं होते ते मले जेवढं ठाऊक आहे, तेवढं इलेबी नाही. साऱ्या म्याच केल्या आहे."

अमरभाऊ रामधनकडे बघू लागले. रामधननं डोळे मिटून घेतले होते. मोतीबिंदूचा तेवढा उपयोग होता. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले की, नियम एक लेकरू घरी पाहिजे असा होता, आणि लखन घरी आहे.

एकतीस मेला राखी दुपारच्या एसटीनं निघाली. घाटंजी मागं पडून अर्धा तास झाला असेल, तोच फोन वाजला. लखन होता, आणि घाबरलेला होता. पहिले पाहुणे पाच वाजता येणार, आत एकतीस झालंय, ती निघाल्यापासून उतरतच नाही. यवतमाळला उतरून परतीची गाडी मिळेल का, असं तो विचारत होता.

राखीनं विचारलं, "बादलीत पाणी किती आहे?"

तो बघून आला. "भरली आहे व."

"याडी कुठं आहे?"

"तुले सोडून बाजारात गेलती, आताच आली. ताई, एकटा एसी इतक्या उन्हात..." तो अडखळला. "म्हटलं, जरासा हातभार..."

पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही. फोन बहुधा बाकड्यावर ठेवला गेला. आधी कूलरची घरघर थांबल्याचं ऐकू आलं, मग खिडकी लागल्याचा आवाज. मग गंगीचा स्वर, घरच्या गोरबोलीत, चढत जाणारा. त्यात मधूनच 'हवा', 'पाणी' आणि 'खड्डा' हे शब्द राखीला स्पष्ट ऐकू आले. मांडणी तिच्यापेक्षा थोडी आक्रमक होती, पण मुद्द्यांचा क्रम बरोबर होता.

तिनं फोन बंद केला. यवतमाळला गाडी थांबली, तेव्हा ती उतरली नाही. एसटीच्या साऱ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आतला वारा भट्टीसारखा लागत होता. तो किती अंशांचा असेल, असा तिच्या मनात प्रश्न आला. पण थर्मामीटर याडीच्या पदराला बांधलेला होता.